अर्धा घाव

मुलांनो, समजा, तुम्ही आत्ता माझ्याबरोबर एका टेकडीवर उभे आहात. समोर काळ्या दगडांचा किल्ला आहे. त्याचा दरवाजा बंद आहे. खाली मैदानात माणसांचा घोळका आहे आणि घोळक्याच्या मधोमध एक ठेंगणी बाई. अंगात लाल चिलखत, हातात तिच्या उंचीची गदा. भोवती कडं करून उभी असलेली माणसं तिला मारत आहेत. तलवारीने मारत आहेत, भाल्याने भोसकत आहेत. एकजण कुऱ्हाड उचलतो, तिच्या खांद्यावर घालतो, पाय देऊन ओढून काढतो आणि पुन्हा घालतो. रक्त उडतं, गवत लाल होतं. ती पळत नाही. गदा उचलत नाही. आणि मारणारी माणसं शत्रूची नाहीत, तिच्याच बाजूची आहेत.

दिसलं? आता मान वळवा. ही मिरजेतली एक माडी. खाली सतारी बनवणाऱ्याचं दुकान, वर अन्वरचा इंटरनेट कॅफे. जुन्या, जाडजूड पडद्यांचे कॉम्प्युटर भिंतीला लावून ओळीने मांडलेले. रविवारची दुपार, पंख्याला हवा कमी आणि आवाज जास्त. माझ्या शेजारच्या खुर्चीत सातवीतली कस्तुरी खोत बसली आहे. ती ठेंगणी लाल बाई म्हणजे तीच. खोलीतली बाकीची मुलं मैदानातली ती माणसं.

सगळ्यांच्या कॉम्प्युटरमधून किंकाळ्या येत होत्या. कस्तुरीने आपल्या कॉम्प्युटरचा आवाज बंद केला होता. ती नेहमी आवाज बंद करूनच खेळायची.

"बाई," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही नका बघू."

मी कन्या शाळेत भूगोल शिकवत असे. मी निवृत्त झाल्यावर कस्तुरी माझ्याकडे नकाशे भरायला शिकायला यायची. तिनेच एकदा सांगितलं, "बाई, आमच्या खेळात एक नकाशा आहे, शेवटपर्यंत कुणीच बघितलेला नाही." असं ऐकल्यावर मी घरी कशी बसणार? त्या खेळाला इंग्रजी नाव होतं, मुलं त्याला नुसतं 'किल्ला' म्हणायची. देशोदेशीची माणसं एकाच वेळी त्यात उतरायची, टोळ्या करून लढायची. मी लढले नाही. मी चालले. नद्या कुठून निघतात, खिंडी कुठे उघडतात ते पाहत हिवाळाभर चालले. खेळात नवा प्रदेश पाहिला की मान वाढायचा, त्यामुळे माझा मान बराच वाढला होता, आणि माझ्या हातून एक कोंबडीसुद्धा मेली नव्हती.

एके दिवशी पोरं माझ्याभोवती जमली.

"बाई, तुम्हाला लग्न लावता येतं!"

"कुणाचं रे?"

"खेळात हो! ज्याचा मान मोठा आणि ज्याच्या हातून एकही खून नाही, त्यालाच लग्न लावायचा अधिकार मिळतो. अख्ख्या मिरजेत तुम्ही एकट्याच आहात. आमच्यात सगळ्यांनीच कुणाला ना कुणाला मारलंय."

"मग काय करायचं मी? मंगलाष्टकं म्हणू?"

"म्हणा की! पण टाइप करून."

तुम्हाला वाटेल, खेळात लग्न कशाला? तर त्याचा उपयोग होता. लग्न झालेल्या दोघांच्या डोक्यावर लाल धाग्याची खूण यायची. दोघांना एकमेकांशी खासगी बोलता यायचं, तिसऱ्याला ते दिसत नसे. आणि मुख्य नियम हा, की एकाला लागलेल्या प्रत्येक घावातला अर्धा दुसऱ्याला लागायचा, मग तो कितीही लांब असो. जो घाव एकट्याला मारून टाकेल तो वाटला गेला की दोघं जगायची. म्हणून बहिणी-बहिणी लग्न करायच्या, शाळासोबती करायचे, एका काका-पुतण्याचंही मी लावलं. कुणी लाजत नसे. नको झालं की अंगठीवर बोट दाबून ती काढून टाकायची. लग्न मोडलं. दुसऱ्याला विचारावंही लागत नसे.

काळा किल्ला सांगलीच्या टोळीकडे होता. मिरज आणि सांगली ही जोडगावं, पण पोरांना विचाराल तर मधल्या रस्त्यावर समुद्र असावा. किल्ल्याच्या दरवाज्यात सांगलीचा एक योद्धा उभा असायचा. नाव 'दगड'. त्याचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. सांगलीच्या कुठल्याशा शाळेतला, कस्तुरीच्याच वयाचा मुलगा आहे, एवढंच कळलं होतं. आमची पोरं दरवेळी जायची आणि दगडच्या दुधारी कुऱ्हाडीखाली कापली जायची. मुंडकी पायऱ्यांवरून घरंगळत खाली यायची. किल्ल्याच्या लढाईत मेलेला परत उठत नसे. नाव पुसलं जायचं, मिळवलेलं सगळं जायचं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मोठमोठी मुलं अन्वरच्या जिन्यात बसून रडलेली मी पाहिली आहेत.

आमच्या टोळीचा म्होरक्या शार्दूल. अकरावीतला, दंड दिसावेत म्हणून बाह्या दुमडून बसणारा. बोलायला गोड, पण मनासारखं झालं नाही की माऊस टेबलावर आपटायचा. तो एक दिवस कस्तुरीला घेऊन माझ्याकडे आला.

"बाई, तह करायचा म्हणतोय. लई मेली पोरं. आमची कस्तुरी आणि त्यांचा दगड, लग्न लावून टाका."

"कस्तुरी, तुला चालेल?"

"हो बाई. मग मला सरदार करणार आहेत." तिचे डोळे चमकले. टोळीत मुलगी एकच, आणि ती नेहमी मागे, सामान वाहायला. सरदार होणं तिच्यासाठी फार मोठी गोष्ट होती.

तळ्याकाठच्या मंडपात लग्न लागलं. दगड वेळेवर आला, कुऱ्हाड बाहेर ठेवून. मी टाइप केलं, जे लग्न लावणाऱ्याला टाइप करावंच लागे: "हिला लागेल त्यातलं अर्धं तुला लागेल. चालेल?"

त्याने उलट विचारलं, "ही सारखी सारखी मरत नाही ना?"

कस्तुरी हसली आणि तिने लिहिलं, "अजून एकदाही नाही. तू किती वेळा?"

"एकदाही नाही."

"मग चालेल म्हण की."

"चालेल."

मंडपात जमलेल्या दोन्ही गावच्या पोरांनी फटाके उडवले. तिथेच एकमेकांना शिव्या दिल्या, त्याही लग्नाला साजेशा.

पुढच्या रविवारी शार्दूलने तह मोडला आणि सगळ्यांना मैदानात उभं केलं. लग्न लावणाऱ्यावर कुणाला शस्त्र चालवता येत नसे, म्हणून मी टेकडीवर उभी राहून पाहत होते. मला वाटलं, आता दरवाज्याकडे धावतील. धावलं कुणीच नाही. सगळे कस्तुरीकडे वळले.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"युक्ती आहे बाई!" शार्दूल खुशीत होता. "दगड आत बसलाय, तिथं बाण पोचत नाही. पण अर्धा घाव पोचतो की! हिला इथं हाणायचं, तो तिथं मरणार. आपला वैद्य रेहान औषध देत राहील, म्हणजे ही मरायची नाही. त्याला कळणारपण नाही कोण माराय लागलंय."

"आणि हिला विचारलंस?"

"तिलाच विचारून केलंय. हिलाच का घेतली? कारण ही रडत नाही. काय गं?"

"मला काही होत नाही, बाई," कस्तुरी म्हणाली.

आणि मुलांनो, मार सुरू झाला. सुरुवातीला पोरं जरा बिचकत होती. आपल्याच माणसावर तलवार चालवायची सवय नव्हती ना. पण थोड्याच वेळात त्यांचा हात बसला. मग गंमत सुरू झाली. कोण किती खोल मारतो, कोणाच्या घावाने ती गुडघ्यावर येते. "पाय, पाय तोड तिचा!" "ए सरक, मला मारू दे!" "उठली बघ, परत उठली!" ती पडली की रेहान औषधाची हिरवी बाटली फोडायचा, जखमा मिटायच्या, ती उभी राहायची आणि पुन्हा सगळे तुटून पडायचे. खोली हसत होती. मी कस्तुरीच्या चेहऱ्याकडे पाहत होते. तो चेहरा शाळेच्या फोटोसाठी बसवतात तसा बसलेला होता.

तिच्या पडद्याच्या कोपऱ्यात खासगी ओळ उमटली. दगडची होती. मी शेजारीच होते, म्हणून मला वाचता आलं.

"मला कुणी हात लावला नाही तरी रक्त जातंय. तुला कोण माराय लागलंय?"

कस्तुरीने शार्दूलकडे चोरून बघितलं. तो आपल्या पडद्यात गुंग होता.

"आमचेच," तिने लिहिलं.

"का?"

"तुला मारायला."

तिच्या पाठीत दोन भाले शिरले, एक पोटातून बाहेर आला. मग ओळ उमटली:

"हे तुला लग्नाच्या आधी माहीत होतं?"

"हो."

मला वाटलं, आता लाल धागा जाणार. कुणाचाही गेला असता. कस्तुरीलाही तसंच वाटत असावं. तिनेच लिहिलं, "अंगठी काढ ना."

"मग तुला पूर्ण बसेल."

"बसू दे."

"नाही काढत."

"येडा आहेस का?"

"सांगलीचा आहे."

कस्तुरीच्या तोंडून एक आवाज निघाला. हसू होतं की काय होतं, सांगता येत नाही. तिचं बोट कीबोर्डवर तसंच राहिलं.

"आमची पोरं ओरडाय लागलीत माझ्यावर," दगडने लिहिलं. "काढ म्हणतात. तू लांब पळ. मी अर्धं घेतोय तोवर पळ."

तिकडे शार्दूल चिडला होता. "मरत का नाही हा? औषधपण अर्धं त्याला पोचतंय वाटतं. रेहान, बास कर औषध!"

"दादा, औषध बंद केलं तर ही मरेल की," रेहान म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "हिचं नाव जाईल."

"जाऊ दे. किल्ला घेतल्यावर नवीन नाव देऊ तिला. तोफ फिरवा इकडं."

बुरूज फोडायची तोफ होती ती. दोघा पोरांनी तिचं तोंड किल्ल्यावरून वळवलं आणि कस्तुरीच्या छातीसमोर आणलं. इतक्या माराने दोघं आधीच अर्धमेली झाली होती. आता तो गोळा वाटून घेतला असता तरी दोघांपैकी कुणी वाचलं नसतं. हे मला कळत होतं, म्हणजे तिलाही कळत होतं.

"शार्दूल, थांबव हे," मी म्हणाले. "खेळ आहे म्हणून गप्प बसले मी. आता पुरे."

"बाई, तुम्ही लग्नं लावा हो," तो म्हणाला. काही पोरं हसली.

कस्तुरीने माऊस हलवला. अंगठीवर नेला. दाबला.

तिच्या डोक्यावरचा लाल धागा विझला.

शार्दूलला ते त्याच्या पडद्यावर दिसलं. तो खुर्ची मागे पाडूनच उठला, दोन ढांगांत आमच्या मागे आला आणि त्याने कस्तुरीच्या कानाखाली मारली. खरी. त्या आवाजाने खोलीतलं हसणं तुटलं.

आता मी जे सांगते ते नीट ऐका. अचानक मार बसला की माणूस काय करतं? ओरडतं. हात वर करतं. गाल धरतं. कस्तुरीने यातलं काही केलं नाही. त्याचा हात पुन्हा उगारलेला पाहून तिने मान खाली घातली, खांदे वर घेतले, आणि टेबलाच्या कडेला माझा चहाचा ग्लास होता तो हळूच, न सांडता, आत सरकवला. फुटू नये म्हणून. मग डोळे मिटून ती दुसऱ्या थपडेची वाट बघत बसली.

मी आयुष्यभर मुलांना शिकवलं आहे. पाठ झालेला धडा कसा दिसतो ते मला कळतं.

दुसरी थप्पड बसली नाही. मी शार्दूलचं मनगट धरलं होतं. माझ्यात एवढी ताकद असेल असं मलाही वाटलं नव्हतं. त्याने हात सोडवायला हिसका दिला, मी भिंतीवर आपटले, कोपर सोललं, पण मनगट सोडलं नाही.

"हात खाली."

"बाई, तिनं दगा दिला—"

"हात खाली, शार्दूल."

अन्वर काउंटरवरून धावत आला आणि त्याने शार्दूलला मागून कवेत आवळलं. नेमक्या त्याच वेळी तोफेवरच्या पोराने घाबरून कळ दाबली. गोळा सुटला. ठेंगणी लाल बाई होती तिथे धूर राहिला, चिलखताचे तुकडे गवतावर पडले आणि कस्तुरीच्या पडद्यावर तिचं नाव अक्षर-अक्षर करून पुसलं गेलं. पूर्ण घाव तिचा तिने घेतला होता. वाटून घ्यायला कुणी उरलं नव्हतं.

मग किल्ल्याचा दरवाजा आतून उघडला.

दगड एकटाच बाहेर आला. अंगावर जखमा तशाच, रक्त गळत होतं. तो धावला नाही. चालत आला. तोफेजवळच्या पहिल्याला त्याने खांद्यापासून कमरेपर्यंत फाडलं, दुसऱ्याचं डोकं तोफेवर आपटून फोडलं. खोलीत पोरं ओरडत आपापल्या खुर्च्यांकडे पळाली. "शार्दूलदादा, आला, आला तो!" कुऱ्हाड वर जात होती, खाली येत होती, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकेक पडदा काळा होत होता. रेहानने आपले हात मांडीत घेतले आणि औषधाच्या बाटलीला बोट लावलं नाही.

शेवटी कोण उरलं ते मला माहीत नाही. कारण कस्तुरी उठली होती.

"बाई, चला," ती म्हणाली.

जिन्यात खालच्या दुकानातल्या लाकडाचा आणि लाखेचा वास भरला होता. तिच्या गालावर चार बोटं उठली होती. मी ओला रुमाल दिला. तिने तो माझ्या कोपराला लावला.

"घरी कोण मारतं तुला?" मी विचारलं.

"मला नाही."

मी थांबले. मुलांना बोलायला वेळ लागतो, तो द्यावा लागतो.

"आईला," ती म्हणाली. "रविवारी बाबा घरी असतात. म्हणून मी रविवारी इथं येते. काल रात्री लाटणं मारलं. तिचा हात वर होत नाहीये."

"आणि तू काय करतेस, ते मारतात तेव्हा?"

"भांडी बाजूला करते. फुटली की आणखी मारतात."

आम्ही रस्त्यावर आलो. तिने ओला रुमाल घडी घालून मला परत दिला. मग म्हणाली, "बाई, त्यानं अंगठी का नाही काढली? त्याला मी कोण तेपण माहीत नाही. मी फसवलं होतं त्याला. एक बोट तर दाबायचं होतं."

"तुला काय वाटतं?"

"मला नाही कळत." ती चालता चालता थांबली. "आमच्या चाळीत सगळ्यांना ऐकू जातं. मार सुरू झाला की सगळे दारं लावून घेतात. मीपण कानात बोटं घालते."

चौकात आलो. तिचं घर डाव्या हाताच्या बोळात होतं. समोर, रस्ता ओलांडला की पोलीस चौकी. बाहेर एक मोटारसायकल उभी होती, आत पंखा फिरताना दिसत होता. मी काही बोलले नाही. मी बोलले असते तर तो माझा निर्णय झाला असता. पण तिचा हात मी धरून ठेवला होता, आणि ती वळेल तिकडे मी जाणार होते, हे तिला कळेल इतका घट्ट धरला होता.

तिने बोळाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आतून कुणाच्या तरी रेडिओचा आवाज येत होता.

"तुम्ही आत येणार ना बाई? शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

"ते नंतर माझ्यावर चिडतील. आईपण चिडेल."

"चिडतील. मी तेव्हाही असेन."

तिने रस्ता ओलांडला. चौकीच्या पायऱ्या चढताना माझा हात तिने सोडला नाही. टेबलामागे एक पोलीसबाई काहीतरी लिहीत होत्या. त्यांनी मान वर केली, आधी माझं सोललेलं कोपर पाहिलं, मग तिचा गाल.

"काय गं बाळ, कुणी मारलं?"

"हे सोडा," कस्तुरी म्हणाली. "हे खेळातलं आहे."

मग तिने समोरची लोखंडी खुर्ची दोन्ही हातांनी ओढली, तिचा कर्कश आवाज झाला तरी थांबली नाही, टेबलाला चिकटवून तिच्यावर बसली आणि मोठ्या, स्पष्ट आवाजात आपल्या घराचा पत्ता सांगायला लागली.